वाहन प्रदर्शनातल्या नव्या सेडान : टपाची रेषा आणि डोक्यावरची जागा

तिसरी_खिडकी

गेल्या आठवड्यात एका मोठ्या वाहन प्रदर्शनाला जाऊन आले. सगळीकडे उंच गाड्यांचीच गर्दी असली तरी मला पाहायच्या होत्या त्या नव्या सेडान, आणि त्या एकूण सहा निघाल्या. बाहेरून त्यांतल्या चार मला मनापासून आवडल्या. मागच्या दारातून आत शिरून बसले तेव्हा मात्र त्या चारांपैकी तिघींत डोके टपाला टेकले. माझी उंची 171 सेंटीमीटर आहे, म्हणजे मी काही ताडमाड नव्हे. उलट जी गाडी बाहेरून पत्र्याच्या कपाटासारखी वाटली, तिच्यात बसल्यावर डोक्यावर चार बोटे जागा शिल्लक राहिली.

खरा गोंधळ पुढेच आहे. आवडलेल्या चारांपैकी दोन गाड्यांच्या माहितीपत्रकांत मागच्या हेडरूमचा आकडा हुबेहूब सारखा छापला आहे, 955 मिलिमीटर. तरीही एकीत केस टपाच्या कापडाला घासत होते आणि दुसरीत डोक्यावरून सहज बोट फिरत होते. दोन्हीकडे मी पाठ टेकूनच बसले होते. मग हा आकडा नेमका कशाचा असतो? दुसरी शंका दिसण्याबद्दल आहे. त्या झगमगाटात, फिरत्या चौथऱ्यावर, प्रत्येक गाडी सुंदरच दिसते. अशा ठिकाणी रूपाची पारख करावी तरी कशी? आणि रूप व हेडरूम यांना वेगवेगळे गुण द्यावेत, की हा एकाच प्रश्नाचा भाग मानावा? प्रदर्शन अजून चार दिवस आहे आणि मी पुन्हा जाणार आहे, म्हणून विचारते.

उंचमाड

माझी उंची 188 सेंटीमीटर आहे. गेली कित्येक वर्षे प्रत्येक प्रदर्शनात सेडानच्या मागच्या सीटवर बसून मी मान तिरकी करून फोटो काढून घेतो. ते सगळे फोटो एकत्र ठेवले तर मला मानेचा विकार आहे असा कोणाचाही समज होईल. आपले स्वागत असो.

मापाडी

आकड्याबद्दल मी सांगतो, कारण अंतर्गत मोजमापे घेण्याचे काम मी काही वर्षे केले आहे.

माहितीपत्रकातली हेडरूम बहुधा एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे1100 या मानकाप्रमाणे मोजलेली असते आणि तिथे तिला एच61 म्हणतात. मोजणी सीटच्या गादीपासून सुरू होत नाही; ती बसलेल्या माणसाच्या कमरेच्या सांध्यापासून, म्हणजे ज्याला एच-पॉइंट म्हणतात तिथून सुरू होते. त्या बिंदूतून उभ्या रेषेच्या 8 अंश मागे झुकलेली एक रेषा टपाच्या आतल्या कापडापर्यंत न्यायची, ती मोजायची आणि आलेल्या मापात 102 मिलिमीटर मिळवायचे. हे 102 मिलिमीटर म्हणजे ढोबळमानाने कमरेच्या सांध्यापासून दबलेल्या गादीपर्यंतचे अंतर.

आता यातली गोम पाहा. पहिली अशी की टप जागचा न हलवता गादी 30 मिलिमीटर खाली उतरवली, तर छापील हेडरूम जवळपास तेवढीच वाढते. माणसाला मात्र त्याची किंमत मोजावी लागते: गुडघे वर येतात, मांड्या गादीवरून सुटतात आणि शरीराचा सगळा भार बैठकीवर पडतो. म्हणजे डोक्यावर दिलेली जागा मांडीखालून काढून घेतलेली असते. दुसरी गोम 8 अंशांची. त्या रेषेवरून वर जाताना टपापाशी पोहोचेपर्यंत आपण एच-पॉइंटच्या सुमारे 12 सेंटीमीटर मागे आलेले असतो. पण मागच्या सीटची पाठ जास्त कललेली असेल तर खरे डोके त्याहूनही मागे जाते, आणि टप तिथे उतरायला लागला असेल तर डोक्याचा मागचा भाग, जिथे आपण शेंडी म्हणतो तो, टेकतो. आकड्याने तिथे पाहिलेलेच नसते.

म्हणून आपल्या दोन गाड्यांतला फरक अजिबात अशक्य नाही. पुन्हा जाल तेव्हा दोन्हींत मांडी आणि गादी यांच्यामध्ये, गुडघ्याच्या जरा अलीकडे, तळहात सरकवून पाहा. जिथे तळहात सहज आत जाईल तिथली गादी मुद्दाम खाली बसवलेली आहे असे समजायला हरकत नाही.

सरळसोट

सर्वांच्या ज्ञानाबद्दल पूर्ण आदर ठेवून मी थोडा वेगळा सूर लावतो. सेडानच्या मागच्या सीटवर बहुतेक वेळ एक पिशवी आणि एक छत्री बसलेली असते. तिच्या डोक्याला टप लागत नाही. मी गाडी रोज बाहेरून पाहतो, रोज पुढे बसून चालवतो. मागे बसण्याचा प्रसंग माझ्यावर वर्षातून दोनदा येतो. ज्यांना मागे ऐसपैस जागा हवी त्यांच्यासाठी उंच गाड्यांचे सगळे दालन उघडे आहे. सेडान अजून टिकून आहे ती तिच्या रूपामुळेच, आणि ते रूप उतरत्या टपातच आहे. तो टप सपाट करून मागितला तर उरेल ते पत्र्याचे कपाट, असे स्वतः प्रश्नकर्तीनेच लिहिले आहे. तेव्हा गुण वेगळेच द्यावेत, आणि रूपाला दुप्पट द्यावेत.

ठेंगणीठुसकी

हेडरूमचा प्रश्न फक्त मागच्या सीटचा आणि फक्त उंच माणसांचा आहे, असे गृहीत धरून सगळे बोलत आहेत. माझी उंची 152 सेंटीमीटर आहे. आजच्या सेडानचा डॅशबोर्ड आणि खिडकीची खालची कड इतकी वर गेली आहे की बॉनेटच्या पलीकडचे काही दिसावे म्हणून मला चालकाची सीट अगदी वरच्या टप्प्यावर घ्यावी लागते. तशी घेतली की पुढची काच इतकी निजलेली असते की तिची वरची कड आणि सन व्हायझर माझ्या कपाळासमोर येऊन उभे राहतात. डोक्यावर जागा पुष्कळ असते, कपाळापुढे नसते. हे कोणत्या मानकात मोजतात ते मापाडी यांनी सांगावे.

शिवाय उंची आणि बसल्यावरची उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी आणि माझी बहीण उभ्या राहिलो तर ती माझ्याहून चार बोटे उंच आहे. शेजारी बसलो की दोघींचे डोळे एका रेषेत येतात, कारण तिची सगळी उंची पायांत आहे. त्यामुळे ‘अमुक उंचीच्या माणसाला ही गाडी पुरते’ असे कोणी लिहिले की मला हसू येते.

मापाडी

ठेंगणीठुसकी यांचा मुद्दा अगदी बरोबर आहे. डोळे कुठे येतात हे ठरवायला वेगळी मोजमापे आहेत, पण ती माहितीपत्रकात छापत नाहीत. तुमच्यासारखीने हेडरूमचा आकडा पाहूच नये. सीट आपल्या सवयीइतकी वर घ्यावी, मग कपाळ आणि टपाची पुढची कड यांच्यामध्ये हाताची वीत बसते का, ते पाहावे.

एक व्यावहारिक अडचण मात्र आहे. प्रदर्शनातल्या पुष्कळ गाड्यांचा विद्युतपुरवठा बंद ठेवलेला असतो आणि मग विजेवर चालणारी सीट जागची हलत नाही. आधीच्या माणसाने ती कुठे सोडली, त्यावर आपले मत ठरते. अशा वेळी ‘पुढे जागा कमी आहे’ असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल.

रेघोट्या

रूपाच्या प्रश्नावर अजून कोणी बोलले नाही म्हणून लिहितो. गाड्यांची मातीची प्रतिरूपे घडवणाऱ्या खात्यात मी उमेदवारी केली आहे, त्यामुळे थोडे लांबेल.

प्रदर्शनातली गाडी ही लग्नातल्या नवरीसारखी असते. जे आहे ते तिचेच असते, पण रोजचे नसते. चाके त्या मॉडेलला मिळणारी सर्वांत मोठी लावलेली असतात, त्यामुळे चाकाची कमान भरून जाते आणि पत्रा कमी भासतो. कधी गाडी नेहमीपेक्षा खाली बसवलेली असते. रंगही असा निवडतात की ज्यात पृष्ठभागाची वळणे उठून दिसावीत. तीच गाडी साध्या पांढऱ्यात आली की निम्म्या घड्या दिसेनाशा होतात. चौथरा फूटभर उंच असला तर आपण गाडीकडे किंचित खालून पाहतो, आणि खालून पाहिले की कोणताही टप सडपातळ वाटतो.

म्हणून मी तीन-चार गोष्टी करतो. आधी गाडीपासून पाच-सहा मीटर दूर जातो आणि चाकाच्या मध्यापर्यंत डोळे येतील इतका खाली बसतो. (लोक आपल्याकडे बघतात, बघू द्यावे.) तिथून तपशील दिसत नाहीत, फक्त प्रमाण दिसते: पुढच्या चाकापासून दारापर्यंत किती अंतर आहे, चाकांच्या पुढे व मागे शरीर किती लोंबते, काचेचा पट्टा आणि पत्र्याचा पट्टा यांची वाटणी कशी झाली आहे. ही प्रमाणे कोणत्याही रंगाने किंवा चाकाने लपत नाहीत. मग जवळ येतो आणि वरच्या दिव्यांच्या नळ्यांचे प्रतिबिंब गाडीच्या खांद्यावरून पुढून मागे कसे वाहते ते पाहतो. चांगल्या पृष्ठभागावर ती पांढरी रेघ पुढच्या दारावरून मागच्या दारावर न अडखळता जाते. जिथे ती मधेच दचकते, तिथे बहुधा दोन माणसांनी दोन वेगवेगळ्या दिवशी काम केलेले असते.

शेवटी मी सी-पिलरपाशी, म्हणजे टपाला मागून पेलणाऱ्या खांबापाशी येतो, आणि सेडानची खरी परीक्षा माझ्या मते इथेच आहे. टप, मागची काच, डिक्की, मागचे दार आणि खांदा, या पाचही गोष्टी त्या वीतभर जागेत एकमेकींना भेटतात. 1961 सालच्या बीएमडब्ल्यूच्या ‘नॉये क्लासे’ सेडानवर खिडकीची रेषा त्या खांबाच्या पायथ्याशी जी पुढे मुरडते, तिला आजही त्या वेळचे डिझाइनप्रमुख विल्हेल्म होफमाइस्टर यांच्या नावाने ओळखतात, इतके त्या एका वळणाचे महत्त्व आहे. आज तिथे काय करतात? चकचकीत काळे प्लास्टिक लावतात. टप मागे अजून लांब जातोय, खिडकी अजून मागेपर्यंत आहे, असा भास त्यातून होतो. त्या काळ्या तुकड्यावर बोट ठेवून पाहा: काच असेल तर मागच्या माणसाला खिडकी मिळाली, प्लास्टिक असेल तर फक्त रस्त्यावरच्या माणसाला मिळाली.

आणि सरळसोट यांना एक सांगतो. मागच्या माणसाचे डोके आणि सी-पिलर ही एकाच जागेची दोन नावे आहेत. टप कुठून उतरायला लागतो हे डिझायनर ठरवतो, त्या रेषेखाली कोण मावतो हे मापाडी ठरवतात, आणि दोघे एकमेकांशी महिनोन्‌महिने भांडतात. ते भांडण कोणी जिंकले हे प्रदर्शनात दिसते. त्यामुळे गुण वेगळे देता येतीलच असे मला वाटत नाही.

तिसरी_खिडकी

रेघोट्या, माझ्या टोपणनावाचा अर्थ बरोबर ओळखलात. जी गाडी मला सर्वांत जास्त आवडली, तिची तिसरी खिडकी, म्हणजे सी-पिलरजवळची ती छोटी खिडकी, प्लास्टिकची होती का, हे मी पाहिलेच नाही. पुढच्या फेरीत बोट ठेवून पाहते.

विरोधी_वारा

उतरता टप केवळ नटण्यासाठी असतो, अशी चर्चेची दिशा दिसते. ती एकांगी आहे. हवा टपावरून मागे सरकताना उतार हळुवार असेल तर ती पृष्ठभागाला चिकटून राहते. उतार फार तीव्र झाला की ती सुटते, मागे भोवरे होतात आणि गाडी जणू मागून कोणी धरून ठेवल्यासारखी ओढली जाते. त्यामुळे टप लवकर उतरायला लागणे आणि डिक्कीची कड उंच ठेवून तिथेच हवा तोडणे हे दोन्ही उपयोगाचे आहे. विजेवरच्या गाडीत एकदा भरलेली वीज किती अंतर पुरते हे हमरस्त्यावर मुख्यतः हवेवर अवलंबून असते, म्हणून तिथे हा हिशेब आणखी कडक होतो. मर्सिडीज ईक्यूएसचा रोध गुणांक (गाडीच्या आकाराला हवा किती अडवते ते सांगणारा आकडा, कमी तितका चांगला) 0.20 आणि ह्युंदाई आयोनिक 6 चा 0.21 आहे; दोघींचे टप पुढच्या काचेपासून मागच्या दिव्यांपर्यंत एका कमानीत ओढलेले आहेत.

पण हवेला फक्त गुणांक कळत नाही, समोरून दिसणारे क्षेत्रफळही कळते. दोघांचा गुणाकार महत्त्वाचा. म्हणजे टप खाली आणला की फायदा दोन्हीकडून होतो, आणि याच गाड्यांत बॅटरी पायाखाली पसरलेली असल्याने जमीनही वर येते. प्रवासी बिचारा दोन्हीकडून चेपला जातो. पोर्शने 2019 च्या टायकानमध्ये बॅटरीच्या पेटीतच मागच्या प्रवाशांच्या पावलांसाठी खळगे सोडले, ते याच कारणासाठी: पाय खाली गेले तर बैठक खाली नेता येते आणि बैठक खाली गेली तर टप खाली ठेवता येतो. मापाडी यांनी सांगितलेली मांडीखालची चोरी तिथे बरीचशी भरून निघते. त्यामुळे विजेवरच्या सेडानच्या मागे बसाल तेव्हा वर पाहण्याआधी खाली पाहा.

सरळसोट

म्हणजे उतरता टप वाऱ्यालाही हवा आहे. माझ्या बाजूने निसर्गच उभा राहिला म्हणायचा.

उंचमाड

वारा तुमच्या बाजूने असेल, पण माझी मान माझ्या बाजूने आहे.

जुनी_चाके

हा वाद नवा नाही, एवढे सांगण्यासाठी लिहितो. दुसऱ्या महायुद्धानंतर क्रायस्लरची धुरा के. टी. केलर यांच्याकडे होती. गाडीत माणसाला टोपी घालून बसता आले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता आणि 1949 साली आलेल्या त्या कंपनीच्या गाड्या तशाच निघाल्या: उभ्या, चौकोनी, आत बसायला अत्यंत सुखाच्या. त्याच सुमारास प्रतिस्पर्ध्यांच्या गाड्या लांब आणि बुटक्या होत होत्या. गिऱ्हाइकाने टोपी काढून ठेवली आणि बुटकी गाडी घेतली. पुढे त्याच कंपनीत व्हर्जिल एक्सनर यांनी 1955 पासून आणि विशेषतः 1957 च्या गाड्यांत टप खाली आणला, मागे उंच पंख उभारले, आणि मग धावायची वेळ प्रतिस्पर्ध्यांवर आली.

दुसऱ्या टोकाचे उदाहरणही त्याच काळातले आहे. 1955 च्या पॅरिस प्रदर्शनात सिट्रोएन डीएस मांडली गेली आणि पहिल्याच दिवशी तिच्या सुमारे 12,000 मागण्या नोंदल्या गेल्या. फ्लामिनिओ बेर्तोनी हे शिल्पकार होते आणि त्यांच्या त्या गाडीची रेषा आजही जुनी वाटत नाही. तरी मागे बसायला ती ऐसपैस होती, कारण पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर 3.12 मीटरच्या जवळपास होते आणि जमीन सपाट होती. तेव्हा सुंदर टपाखाली माणूस मावतच नाही, असे नाही. त्यासाठी गाडीची लांबी योग्य जागी खर्च करावी लागते.

आजचा प्रघात कुठून आला, तर 2004 च्या मर्सिडीज सीएलएसपासून, असे मी मानतो. चार दारांची गाडी पण कूपेसारखा, म्हणजे दोन दारांच्या बुटक्या गाडीसारखा टप, ही कल्पना त्यापूर्वीही होती. या गाडीने तिला बाजारात प्रतिष्ठा मिळवून दिली. मूळ सीएलएसमध्ये मागे दोनच सीटा होत्या, म्हणजे गाडी निदान प्रामाणिक होती. पुढे तोच टप कुटुंबाच्या पाच आसनी सेडानवर चढवला गेला, आणि तिथून उंचमाड यांच्या मानेचे दुखणे सुरू झाले.

नवशिका

एक बाळबोध शंका विचारतो. सनरूफ असेल तर जागा वाढते की कमी होते? काच असल्यामुळे वर मोकळे वाटते, म्हणून मला वाढते असेच वाटत होते.

उंचमाड

वाटते आणि असते यांत दोन-तीन सेंटीमीटरचे अंतर आहे, आणि ते मी पैसे मोजून शिकलो आहे.

काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात एक सेडान पसंत केली. वडिलांना मुद्दाम सोबत नेले होते. ते माझ्याइतकेच उंच आहेत आणि त्यांची पाठ आता पूर्वीसारखी वाकत नाही. ते मागे बसले, डोके टेकले नाही, आम्ही खूश झालो आणि वरच्या दर्जाचे मॉडेल नोंदवून आलो. मांडलेली गाडी बिनासनरूफची होती, हे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नाही. घरी आलेल्या गाडीला सनरूफ होते. सरकणाऱ्या काचेची चौकट आणि तिचे रूळ टपाच्या पत्र्याखाली बसतात, त्यामुळे आतले कापड तेवढे खाली येते. वडील पहिल्यांदा आत बसले, वर हात लावून पाहिला आणि म्हणाले, “ही ती गाडी नाही.” मी विक्रेत्याशी पुष्कळ वाद घातला, त्याने माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेली ओळ दाखवली. ती ओळ तिथे होती, हे मला मान्य करावेच लागले.

तेव्हापासून माझा नियम असा आहे की जे मॉडेल घ्यायचे त्याच मॉडेलमध्ये बसायचे. ते मांडलेले नसेल तर मत बनवायचे नाही.

मापाडी

थोडी पुस्ती जोडतो. सगळ्या काचेच्या टपांना हा नियम लागू नाही. न उघडणारी अखंड काच असेल आणि तिच्याखाली पडदा नसेल, तर उलट कापडाची जाडी वाचते आणि जागा मिळते. टेस्ला मॉडेल 3 मध्ये मागे बसणाऱ्याच्या डोक्यावर थेट काच येते, ती या कारणाने. लांब सनरूफ असलेल्या गाड्यांत मात्र दोन काचांमधला आडवा पत्रा नेमका कोणाच्या डोक्यावर येतो, ते पाहा. पुढच्याच्या मागे आणि मागच्याच्या पुढे आला तर कोणाचे बिघडत नाही.

आणि उंचमाड यांच्या वडिलांच्या निमित्ताने आणखी एक. बसल्यावरची जागा सगळे पाहतात, आत शिरतानाची कोणी पाहत नाही. उतरत्या टपाबरोबर मागच्या दाराची वरची कडही खाली येते. शिवाय त्या कडेत पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते आणि गाडी उलटली तर टप चेपू नये म्हणून पोलादही जाड असते. ही जाडी सुरक्षिततेची आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. मात्र वयस्क माणसाला डोके आधी आत घालून मग वळावे लागते का, हे पाहायला गाडीत एकदा सावकाश शिरावे आणि सावकाश उतरावे. प्रदर्शनात मागे रांग असते म्हणून आपण उडी मारल्यासारखे बसतो आणि हे कळतच नाही.

सरळसोट

उंचमाड यांचा अनुभव वाचून माझा आवाज थोडा खाली आला आहे. मागच्या सीटवर माझी पिशवीच बसते हे खरे; माझे वडीलही कधीमधी बसतात, ते मी सोयीस्करपणे विसरलो होतो. तरी रूपाला दुप्पट गुण, हे माझे मत कायम आहे.

ठेंगणीठुसकी

रूपाबद्दल एक लहानशी सूचना करते. मोबाइलवर काढलेल्या फोटोंवरून घरी येऊन निवाडा करू नये. गर्दीत मागे सरकायला जागा नसते म्हणून आपण जवळून, रुंद भिंगाने फोटो काढतो; त्यात गाडीचे नाक फुगते आणि टप आहे त्याहून जास्त उतरता दिसतो. मागे सरकता येत नसेल तर फोटो न काढता नुसते पाहून यावे.

तिसरी_खिडकी

काल सकाळी दार उघडताच गेले, त्यामुळे तासभर गर्दी नव्हती. सगळ्यांच्या सूचना कागदावर लिहून नेल्या होत्या. जे दिसले ते सांगते.

955 च्या दोन्ही गाड्यांचे कोडे सुटले. जिच्यात डोके टेकत होते तिच्यात मांडीखाली माझा अख्खा तळहात मनगटापर्यंत आत गेला. दुसरीत बोटांची पेरेच जेमतेम शिरली. पहिलीची पाठही बरीच जास्त कललेली आहे. मी कमरेपासून पाठ सोडून थोडी सरळ बसले, तर त्याच गाडीत डोके टेकणे थांबले, पण तशी मी दहा मिनिटांहून जास्त बसू शकले नसते. म्हणजे मापाडी यांनी सांगितलेल्या दोन्ही गोमा एकाच गाडीत होत्या आणि आकडा मात्र खरा होता.

ती तिसरी खिडकी प्लास्टिकची निघाली. बोट ठेवले तेव्हा तिथे उभा असलेला प्रतिनिधी म्हणाला की तो भाग ‘डिझाइनचा’ आहे. मी म्हटले, ते दिसतेच आहे.

रूपाबद्दल मात्र माझे उत्तर सरळ निघाले नाही. रेघोट्या यांनी सांगितल्याप्रमाणे खाली बसून पाहिले, तेव्हा ज्या गाडीला मी पत्र्याचे कपाट म्हटले होते तिची प्रमाणे फार समजूतदार वाटली: मागचे चाक बरोबर सी-पिलरखाली, काचेचा पट्टा रुंद, आणि दिव्याची रेघ पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत एका श्वासात. ती कुरूप नव्हती. शेजारच्या लाल गाडीपुढे करड्या रंगात उभी होती, एवढाच तिचा अपराध होता. तरीही खोटे कशाला बोलू, परत निघताना मी वळून पाहिले ते त्या लाल, खालच्या टपाच्या गाडीकडेच.

गुण मी एकत्रच दिले. मागच्या सीटवर बसून जी गाडी मला बाहेरचे जग दाखवत नाही, तिच्या रूपातून मी काही गुण वजा केले, कारण ते रूप माझ्याच खिडकीतून कापून घेतलेले होते. सरळसोट यांना हे पटणार नाही.

सरळसोट

पटले नाही, पण वाचायला आवडले. लाल गाडी कोणती ते व्यक्तिगत निरोपात कळवावे.

रेघोट्या

करड्या रंगाबद्दल वाचून समाधान वाटले. मातीच्या प्रतिरूपावर आम्ही रेषा तपासायचो तेव्हाही तिच्यावर बहुधा करडी किंवा चंदेरी झिल्लीच ताणून बसवायचो, कारण त्यात काही लपत नाही. त्या कंपनीने प्रदर्शनातही तो रंग ठेवला, म्हणजे तिथे कोणाला तरी आपल्या पृष्ठभागाची खात्री असावी.

नवशिका

सगळ्यांनी कडेला बसूनच पाहिले. मधल्या जागेवर कोणी बसले होते का? घरात सर्वांत धाकटा मी आहे, म्हणून विचारतो.

तिसरी_खिडकी

बसले होते. सहाही गाड्यांत मधली गादी कडेच्यांपेक्षा उंच आणि कडक आहे. पाचांत डोके टेकले. सहावी ती करडी गाडी.